दारू पिणारा भाऊ घरी राहायला आलाय, तेव्हापासून माझी दहा वर्षांची मुलगी गप्प झालीय. काय करू?

ताई, ती सरावली असं समजू नका. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत चुलते राहायला आले, तेव्हा जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या की आम्ही भावंडं रेडिओ बंद करून पुस्तकात तोंड खुपसायचो. मोठी माणसं म्हणायची, "घरचंच माणूस हाय, सांभाळून घ्यायचं." सांभाळून घेत होतो ते आम्ही पोरं.

तिला एकटीला रंकाळ्यावर घेऊन जा आणि कशाची भीती वाटते ते विचारा. मामा मारतो का, नको तिथं हात लावतो का, हेही स्पष्ट विचारा. सांगेल त्यावर विश्वास ठेवा. तसं काही असेल तर भावाला त्याच दिवशी घराबाहेर काढा आणि १०९८ ला फोन लावा. मुलांसाठीची ही हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास चालते.

तसं नसलं तरी, भावामुळे तिची झोपायची जागा गेली असेल तर ती तिला परत द्या. भावाला शपथा घालू नका, सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, म्हणून डॉक्टर हवेतच. सल्ल्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही आहे.