आहार बदलला आणि पोट बिघडले: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वजन कमी करण्यासाठी दोन आठवड्यांपूर्वी आहार एकदम बदलला. सकाळी ओट्स आणि दोन मोठे चमचे जवस, दुपारी दोन वाट्या कडधान्ये, रात्री फक्त कच्च्या भाज्या, झोपताना दोन चमचे इसबगोल. तेव्हापासून पोट तट्ट फुगते, दिवसभर गॅस सरतो, डावीकडे बरगडीखाली कळ येते आणि शौचाला उलट खडा होतो. हा आहार मला मानवत नाही असे समजायचे का?

तुम्ही लिहिलेल्या यादीतला एकही पदार्थ वाईट नाही. पण त्यातल्या चोथ्याचा (तंतूंचा, म्हणजे फायबरचा) हिशोब करून पाहा. ओट्सचे सुमारे 5 ग्रॅम, जवसाचे 5, कडधान्यांचे 20 च्या आसपास, इसबगोलाचे 8 आणि वर कच्च्या भाज्या. म्हणजे 40 ग्रॅमच्या पुढे. प्रौढ माणसाला दिवसाला 25 ते 30 ग्रॅम चोथा पुरतो आणि बहुतेक जण त्याहून बराच कमी खातात. तुमचा आकडा एका रात्रीत दुप्पट-तिप्पट झाला असणार.

चोथा लहान आतड्यात पचत नाही. कडधान्यांमधल्या रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा फोडणारे विकरही (एन्झाइम) आपल्याकडे नाही. हे सगळे जसेच्या तसे मोठ्या आतड्यात उतरते आणि तिथले जिवाणू ते आंबवतात. त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही जणांत मिथेन तयार होतो. नव्या खाद्याला जुळवून घ्यायला जिवाणूंना साधारण तीन-चार आठवडे लागतात, नंतर गॅसचा त्रास बहुतेकांना कमी होतो. डावीकडच्या कळेचे कारणही बहुधा हेच. बरगडीखाली मोठे आतडे जोरात वळते आणि गॅस तिथे अडकतो. दिवसातून दहा-वीस वेळा वायू सरणे मात्र आजार नव्हे.

खडा होण्याचे कारण बहुधा पाणी. इसबगोल पाणी धरून फुगतो. घोटभर पाण्याबरोबर घेतला तर मळ मऊ होण्याऐवजी घट्ट गोळा बनतो. क्वचित अन्ननलिकेतही अडकतो. एका चमच्याला किमान एक मोठा पेला पाणी हवे, भिजवून लगेच प्यायचे, वर आणखी पेलाभर पाणी, आणि घेतल्यावर लगेच आडवे व्हायचे नाही. इतर औषधे घेत असाल तर त्यात आणि इसबगोलात दोन तासांचे अंतर ठेवा. गिळायला त्रास होत असेल तर तो घेऊच नका.

आता काय करायचे? चार दिवस इसबगोल आणि जवस दोन्ही बंद. कच्च्या भाज्यांऐवजी शिजवलेल्या. कडधान्य दिवसातून एकदाच, तेही अर्धी वाटी. पोट शांत झाले की आठवड्याला एकच गोष्ट वाढवायची, साधारण 5 ग्रॅम चोथ्याची. म्हणजे एका आठवड्यात आणखी अर्धी वाटी कडधान्य, पुढच्या आठवड्यात एक चमचा इसबगोल. फुगी परत आली तर मागे न जाता त्याच पायरीवर आणखी आठवडाभर थांबा. दोन गोष्टी एकदम वाढवल्या तर नेमके कशाने बिघडले ते कधीच कळत नाही, आणि मग लोक बिचाऱ्या कडधान्यांनाच दोष देतात.

कडधान्ये 8 ते 12 तास भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि नव्या पाण्यात शिजवा. गॅस करणाऱ्या शर्करांचा काही भाग त्या पाण्याबरोबर जातो. राजमा असेल तर शिजवणे हा निव्वळ गॅसचा प्रश्न राहत नाही. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यातल्या लेक्टिन या विषारी प्रथिनामुळे एक ते तीन तासांत जोरदार उलट्या आणि जुलाब होतात. भिजवून, पाणी बदलून, निदान 10 मिनिटे खळखळून उकळायलाच हवा, 30 मिनिटे उकळला तर अधिक बरे. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात तो मऊ दिसला तरी विष पुरते मरत नाही. मोड आणल्यानेही हे काम होत नाही.

आम्लपित्ताची गोळी या गॅसवर चालणार नाही. ती जठरातल्या आम्लासाठी असते, तुमचा गॅस मोठ्या आतड्यातला आहे.

प्रश्न : धान्य आणि साखर पूर्ण बंद केली. आता अंडी, मांस, पनीर, प्रथिनांची पावडर आणि गोड खावेसे वाटले की बिनसाखरेचे चॉकलेट. चार दिवस शौचाला होत नाही, मग एकदम पातळ. असे का?

यात दोन वेगळे त्रास आहेत. धान्याबरोबर चोथाही गेला म्हणून अडते. शिवाय कर्बोदके तोडल्यावर पहिल्या आठवड्यात शरीरातला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा आणि त्याने धरलेले पाणी उतरते, लघवीवाटे मीठही जाते. वजनकाट्यावर सुरुवातीला दिसणारा आनंद बराचसा हाच. पालेभाज्या, फुलकोबी, बिया रोज घ्या आणि पाणी वाढवा.

पातळ होण्याचा पहिला संशय चॉकलेटवर. वेष्टनावर माल्टिटॉल, सॉर्बिटॉल, झायलिटॉल या साखरेऐवजी घालायच्या गोड पदार्थांपैकी काही आहे का पाहा. ते अर्धवटच शोषले जातात, उरलेले आतड्यात पाणी खेचतात. काहींना 10 ग्रॅम सॉर्बिटॉलनेही त्रास होतो. दुसरा संशय पावडरीवर : दुधापासूनच्या ‘कॉन्सन्ट्रेट’ प्रकारात लॅक्टोज, म्हणजे काहींना न पचणारी दुधातली साखर असते, ‘आयसोलेट’मध्ये अगदी थोडे. आधी फक्त चॉकलेट पाच दिवस बंद करा. फरक नाही पडला तर पावडर.

प्रश्न : किती दिवस वाट पाहून डॉक्टरकडे जावे?

आहार मागे घेऊनही दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल तर जावे. पुढीलपैकी काही असेल तर मात्र वाट पाहायची नाही : शौचातून रक्त, डांबरासारखा काळा मळ, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, प्रयत्न न करता घटणारे वजन. पोट फुगून वायूही सरेनासा झाला आणि उलट्या सुरू झाल्या तर त्याच तासाला रुग्णालय गाठा. बीट खाल्ल्यावरचा लाल आणि लोहाच्या गोळ्यांनंतरचा काळा रंग निरुपद्रवी असतो. बीट थांबवून दोन-तीन दिवसांत लाल रंग गेला नाही तर ते बीट नव्हते असे धरा.

आणखी एक. गव्हाने त्रास होतो अशी शंका असेल तर सिलिअ‍ॅक आजाराची (यात गव्हातल्या ग्लूटेनमुळे लहान आतड्याला इजा होते) रक्ततपासणी होईपर्यंत गहू सोडू नका. गहू बंद असताना या तपासणीत शोधली जाणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) उतरतात आणि आजार असूनही अहवाल कोरा येऊ शकतो.