रिपोर्ट नॉर्मल आले, मग पोरगी गप्प का?

रावेर तालुक्यातल्या एका केळीवाल्या वडिलांचं पत्र आहे, नाव-गाव काढून थोडक्यात देते. मुलीने डॉक्टरकीची नीट परीक्षा दोनदा दिली, मार्क आधी ४१२ मग ४६८. तिसऱ्या वेळेसाठी लातूरला ठेवलीय. मैत्रिणींमुळे अभ्यास होत नाही म्हणून सिंगल रूम घेतली, मोबाइल काढून घेतला, रविवारी रूमवाल्या काकूंच्या फोनवरून दहा मिनिटं बोलणं. मागच्या महिन्यात टेस्ट चालू असताना चक्कर येऊन पडली. सगळ्या तपासण्या केल्या, कॉर्टिसोल या ताणाच्या हार्मोनचीसुद्धा, "सगळं नॉर्मल, म्हणजे टेन्शन वगैरे काही नाही, नाटकं आहेत." दिवाळीत घरी आली तेव्हा आईच्या मोबाइलवर कुठल्या तरी बारक्या माकडांचे व्हिडिओ बघितले आणि आता म्हणते डॉक्टर व्हायचं नाही, माकडांच्या हार्मोनवर अभ्यास करायचाय. "तासभर आईपुढे वेणी घालून घ्यायला बसून राहायची, असा टाइमपास. माकडांमागे फिरून पोट भरतं का? आणि हार्मोन शिकायचे तर आधी एमबीबीएस लागतंच ना, एवढं तुम्ही तिला पटवून द्या मॅडम."

भाऊ, ४६८ चं राहू द्या. आधी वेणीचं बोलू.

एकोणीस-वीस वर्षांची पोरगी, जी एरवी दोन मिनिटांत केस बांधून मोकळी होते, ती दिवाळीच्या धबडग्यात, पाहुणे-फराळ सगळं चालू असताना आईच्या पुढ्यात तासभर बसते आणि उठत नाही. तुमच्या चार पानी पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच, आणि तुम्ही त्याच्यापुढे टाइमपास लिहून टाकलंय.

सातपुड्यातल्या पालला किंवा चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला वानरं बघितली असतील ना तुम्ही, भर दुपारी एक जण सावलीत आडवा पडलेला असतो आणि दुसरा त्याच्या पाठीचे केस बाजूला करून करून काहीतरी वेचत बसलेला असतो. आपण म्हणतो उवा खातंय. उवा-गोचिडं निघतात ते खरंय, पण तेवढ्यासाठी एवढा वेळ कोणी घालवत नाही, त्यात त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं टिकतं आणि अंगातला ताण उतरतो. मी कॉलेजात शिकवत होते तेव्हा पोरांना वही घेऊन तिथे बसवायचे, दर पाच मिनिटांनी कोण कोणाजवळ आहे एवढंच लिहायचं. पहिल्या तासाला जांभया, दुसऱ्या तासाला आपापसात वाद सुरू, की ती कान फाटलेली म्हातारी सारखी त्याच एका पिल्लाच्या आईकडे का जाते म्हणून. तुमची मुलगी आईपुढे बसली होती ते यातलंच आहे भाऊ. तिथे लातूरला तिच्या डोक्याला हात लावणारं कोणी नाहीये.

तिने बघितलेली माकडं बहुतेक मार्मोसेट असणार. ईशान्य ब्राझीलकडचं जनावर, वजन तीनशे-चारशे ग्रॅम, म्हणजे तुमच्या तीन चांगल्या केळ्यांएवढं. मादीला सहसा जुळं होतं, आणि ती पिल्लं पाठीवर घेऊन फिरायचं काम बाप आणि मोठी भावंडं पण करतात, एकट्या आईला ते झेपतच नाही. असा एकमेकांवर अवलंबून असलेला प्राणी, म्हणून ताण आणि नातं यांचा अभ्यास त्याच्यावर खूप झालाय. अमेरिकेत ओमाहाच्या नेब्रास्का विद्यापीठात जेफ्री फ्रेंच यांच्या टीमने १९९८ साली छापलेलं एक काम आहे. मार्मोसेटला त्याच्या ओळखीच्या जागेतून काढून नव्या पिंजऱ्यात ठेवलं, एकदा एकट्याला, एकदा जोडीदारासोबत, आणि लघवीतलं कॉर्टिसोल मोजलं. एकटा असताना वाढलं, जोडीदार जवळ असताना तसं वाढलं नाही. पिंजरा तितकाच नवा होता, फरक फक्त शेजारी कोण आहे याचा.

आता तुमचं पत्र परत वाचा. नवं गाव, नवी खोली, मैत्रीण काढली, मोबाइल काढला, आठवड्याला दहा मिनिटं, ती पण काकू समोर उभ्या असताना. माकड म्हणजे पोरगी नव्हे, एवढं मलाही कळतं, माणसाचं सगळं माकडावरून ठरत नाही. पण तुम्ही ताण वाढवणारी परीक्षा तशीच ठेवली आणि ताण कमी करणारी माणसं मात्र एकेक करून उचलून नेलीत, आणि वर म्हणताय की नाटकं आहेत.

रिपोर्टचं पण सांगते. कॉर्टिसोल दिवसभर सारखं नसतं, सकाळी उठताना भरपूर असतं, मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात कमी. ते वाईट पण नाही, ते नसेल तर सकाळी अंथरुणातून उठणं अवघड होईल. दवाखान्यात ती टेस्ट मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीचे आजार शोधायला करतात, तिचे आकडे ठीक आले म्हणजे तो आजार नाही एवढंच कळलं, चांगलंच झालं. पोरगी एकटी पडलीय का हे त्या एका बाटलीभर रक्तात दिसत नाही. संशोधन करणारे लोक म्हणून तर दिवसेंदिवस लघवी, शेण, लाळ, केस गोळा करत बसतात, आणि त्यासोबत ते जनावर कसं वागतंय तेही लिहून ठेवतात. स्क्विरल मंकी नावाचं दक्षिण अमेरिकेतलं छोटं माकड आहे, त्याच्या रक्तात कॉर्टिसोल माणसाच्या कितीतरी पट असतं तरी ते मजेत उड्या मारतं, कारण त्याच्या पेशी त्या हार्मोनला फारसा प्रतिसादच देत नाहीत. तेव्हा आकडा बघून "नाटकं" म्हणायची घाई करू नका. परीक्षेत चक्कर येऊन पडलेल्या पोरीला नाटकी म्हणणं मला अजिबात आवडलं नाही, स्पष्टच सांगते.

तुमच्या गोठ्यात म्हशी आहेत असं तुम्ही लिहिलंय, मग तुम्हाला तर हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. रोजचा माणूस आला नाही, नवाच कोणी धार काढायला बसला, किंवा कुत्रं भुंकलं, की म्हैस पान्हा चोरते. सडात दूध असतं पण सोडत नाही. पारडू जवळ आणलं, त्याने दोन ढुशा दिल्या की लगेच सोडते. ते पान्हा सोडवणारं हार्मोन म्हणजेच ऑक्सिटोसिन, आणि म्हैस बिथरली की अंगात जे अ‍ॅड्रिनलिन चढतं ते त्याचं काम अडवतं. म्हशीचं, तुमचं, माझं ऑक्सिटोसिन अगदी एकच आहे, नऊ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. मार्मोसेटमध्ये त्यातली आठवी कडी वेगळी, ल्युसिनच्या जागी प्रोलिन, हे २०११ मध्ये लक्षात आलं, त्यामुळे त्यांच्या जोडीदारपणात त्याचा काही वाटा आहे का यावर शोध चालू आहे. (आणि हो, ऑक्सिटोसिनला मोबाइलवर "लव्ह हार्मोन" म्हणतात म्हणून पोरीला त्याचं इंजेक्शन-स्प्रे काही द्यायचं डोक्यात आणू नका. म्हशीला टोचतात ते पण बेकायदा आहे, ते तर बंदच करा.) धार काढताना म्हैस बिथरू नये म्हणून तुम्ही गोठ्यात आवाज करू देत नाही ना? मग लेकीच्या बाबतीत काय झालं?

अजून एक, बाप म्हणून तुम्हाला. टिटी नावाची माकडं आहेत, ती सुद्धा दक्षिण अमेरिकेतलीच, जोडीने राहतात, फांदीवर बसली की शेपट्यांना पीळ घालून बसतात. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या प्रायमेट सेंटरमध्ये, म्हणजे माकडांवरच्या संशोधन केंद्रात, १९९५ ला दाखवलं की त्यांच्या पिल्लाची खरी ओढ आईपेक्षा बापाकडे असते, बापाला बाजूला केलं तर पिल्लाचं कॉर्टिसोल चढतं, आई गेली आणि बाप जवळ असला तर तेवढं नाही. मार्मोसेटच्या बापामध्ये तर पिल्लं वाहून नेताना प्रोलॅक्टिन वाढलेलं सापडतं, जे आपण फक्त बाईच्या दुधाशी जोडतो. मादी गाभण असताना नराचं पण वजन वाढतं म्हणे, तर म्हणे कशाला, मोजलेलं आहे. तुमच्या पत्रात आई वेणी घालते, काकू फोन देतात, तुम्ही कुठेत? फी भरल्याच्या तारखा आहेत फक्त. पोरगी तुमच्याशी शेवटचं मार्क सोडून काय बोलली होती ते आठवतंय का बघा.

आता एमबीबीएसचं. हा गैरसमज फार पसरलेला आहे, तुमचा एकट्याचा नाही. हार्मोन म्हणजे डॉक्टरकी असं काही नाही. माणसाला थायरॉइडचं औषध लिहून द्यायचं असेल तर डॉक्टरच व्हावं लागतं, तिथे दुमत नाही. पण हार्मोन काय आहे, कसा काम करतो, कुठल्या जनावरात किती, हे शोधणारे लोक झूलॉजी, बायोकेमिस्ट्री, सायकॉलॉजी, व्हेटर्नरी असे कुठूनही आलेले असतात. ऑक्सिटोसिनची रचना उलगडून ते १९५३ मध्ये प्रयोगशाळेत तयार केलं व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी, ते बायोकेमिस्ट होते, १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. आपल्याकडे हैदराबादला सीसीएमबी या सरकारी जीवशास्त्र संस्थेची लॅकोन्स नावाची प्रयोगशाळा आहे, तिथे जंगली प्राण्यांना हातही न लावता त्यांच्या विष्ठेतून ताणाचे आणि प्रजननाचे हार्मोन मोजतात. ते काम दिसायला कसं असतं ते पण तिला कळू द्या, पहाटे उठून माकडामागे चालायचं, त्याने घाण केली की चमच्याने डबीत भरायची, वेळ लिहायची, बर्फात ठेवायची, मग लॅबमध्ये वाळवून, गाळून, एलायझाच्या, म्हणजे हार्मोन मोजायच्या चाचणीच्या, प्लेटवर महिनोन्‌महिने तेच तेच. व्हिडिओत हे दाखवत नाहीत.

रस्ते थोडक्यात: आयसर आणि नायसर या सरकारी विज्ञान संस्था, आयसरसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा, नायसरसाठी नेस्ट (बारावी कोणत्या सालची चालते ही अट आधी वाचा), नाहीतर जळगाव-अमळनेरला साधी बीएस्सी झूलॉजी करून पुढे देहरादूनच्या वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटची नाहीतर बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संस्थेची एमएस्सी. नीटच्याच मार्कांवर व्हेटर्नरी मिळत असेल तर तेही माकडांपर्यंत जातं आणि वाटेत तुमच्या म्हशींना पण उपयोगी पडतं.

पोट भरतं का, तर सावकाश भरतं. एमएस्सीनंतर नेट-जेआरएफ ही संशोधनासाठीची परीक्षा निघाली तर महिना ३७,००० फेलोशिप, पीएचडीला पाच-सहा वर्षं, आणि त्यानंतरच्या पक्क्या जागा थोड्या. श्रीमंत होण्याचं काम नाही हे. आणि मार्मोसेट भारताच्या जंगलात नाहीत, इथे सातपुड्यात राहून काम करायचं तर वानर आणि लाल तोंडाची माकडंच आहेत, भरपूर.

आणि एक गोष्ट तुम्हाला आवडेल आणि तिला नाही, ती म्हणजे मला तिची माकडांची आवड अजून पुरती पटलेली नाही. असेल खरी, असते पोरांना. पण जी पोरगी महिनोन्‌महिने एकटीच भिंतीकडे बघून बायोलॉजी पाठ करतेय तिने एकमेकांना चिकटून झोपलेल्या माकडांचे व्हिडिओ परत परत का बघितले असतील हे कळायला फार हुशारी लागत नाही. ती माकडांकडे चाललीय की त्या खोलीतून पळतेय हे आत्ता तिलाही सांगता येणार नाही. म्हणून या महिन्यात नीट सोडायची का धरायची, झूलॉजी का व्हेटर्नरी, यातलं काहीही ठरवू नका. मी तिला काहीही "पटवून" देणार नाही, ते काम माझ्याकडे देऊ नका.

आधी तिला घरी आणा. नीट द्यायचीच असं ती स्वतः म्हणाली तर घरून देऊ दे, नाहीतर मैत्रिणीसोबत डबल रूम घ्या. मोबाइल परत द्या. झोप, जेवण, पाळी यात बिघाड असेल किंवा ती जगण्याविषयी काही वेडंवाकडं बोलली तर वाट बघू नका, सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, रात्री-अपरात्री टेलिमानसचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि एखाद्या रविवारी पालला घेऊन जा तिला. सोबत तिची ती बारावीतली मैत्रीण, जिच्यामुळे अभ्यास बुडत होता म्हणताय ती. एक वही, एक घड्याळ, दर पाच मिनिटांनी कोण कोणाजवळ बसलंय ते लिहायचं, तीन तास. तिसऱ्या तासाला तिने वही मिटली तर तेही कळेल आपल्याला. ती वही घेऊन मग जळगावला माझ्याकडे या, तिची ती आत येईल, तुम्ही बाहेर कॅन्टीनला चहा घ्या, मी बोलावते तुम्हाला नंतर.