वाचक विचारतात : जो हॉल्डमन आणि न संपणारे युद्ध

प्रश्न : लष्करी विज्ञानकथा म्हणजे बंदुकीच्या जागी लेझर दिलेली युद्धकथा, अशी माझी समजूत आहे. तरीही अमेरिकी लेखक जो हॉल्डमन यांच्या ‘द फॉरेव्हर वॉर’ या कादंबरीला साहित्य म्हणून मान का मिळतो? लेखकाच्या आयुष्याचा त्यात किती वाटा आहे?

उत्तर : या प्रकारातल्या पुष्कळ पुस्तकांना आपली समजूत लागू पडते, हे मान्य करायला हवे. हॉल्डमन यांच्या बाबतीत मात्र आयुष्य बाजूला ठेवून कादंबरी नीट समजत नाही. ९ जून १९४३ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे त्यांचा जन्म झाला. मेरीलँड विद्यापीठातून १९६७ मध्ये भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्राची पदवी घेतली, आणि त्याच वर्षी सक्तीच्या लष्करभरतीत त्यांचे नाव निघाले. व्हिएतनामच्या मध्यवर्ती डोंगराळ प्रदेशात ते लढाऊ तुकडीसोबतचे अभियंता म्हणून स्फोटके हाताळत असत. १९६८ मध्ये ते गंभीर जखमी झाले आणि त्यांना ‘पर्पल हार्ट’ हे पदक मिळाले. त्या काळात घरी धाडलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी ‘वॉर इयर’ ही पहिली कादंबरी लिहिली. ती १९७२ मध्ये आली आणि तिच्यात विज्ञानकथेचा लवलेशही नव्हता.

‘द फॉरेव्हर वॉर’ १९७४ मध्ये पुस्तकरूपाने आली. तिच्यातील भरतीचा कायदा असामान्य बुद्धिमत्तेच्या आणि धडधाकट तरुण-तरुणींनाच परग्रहावरच्या शत्रूशी चाललेल्या युद्धावर धाडतो. भौतिकशास्त्राच्या पदवीधराला सुरुंग पेरायला लावणाऱ्या व्यवस्थेवरचा हा टोमणा आहे, असे मला वाटते. नायक मँडेला याचे नाव लेखकाच्या आडनावातील अक्षरांची जवळजवळ उलटापालट आहे, तर नायिका मेरीगे पॉटर हिला लेखकाने आपल्या पत्नीचे माहेरचे नाव दिले आहे.

कादंबरीचे खरे बळ तिच्यातल्या भौतिकशास्त्रात आहे. प्रकाशाच्या वेगाच्या जवळ जाणाऱ्या यानातील काळ, सापेक्षतेच्या नियमानुसार, पृथ्वीवरील काळाच्या तुलनेत मंदावतो. प्रकाशवेगाच्या ९९.५ टक्के वेगाने जाणाऱ्या यानात एक वर्ष सरते तेव्हा पृथ्वीवर सुमारे दहा वर्षे लोटलेली असतात. हॉल्डमन यांचे सैनिक काही महिन्यांची मोहीम आटोपून परततात तेव्हा पृथ्वीवर दशके, पुढे तर शतके उलटून गेलेली असतात, आणि भाषा, पैसा, कुटुंब, स्त्रीपुरुष संबंध हे सारे त्यांना अनोळखी झालेले असते. व्हिएतनाममधील नेमणूक साधारण वर्षभराची असे, आणि ती संपलेला सैनिक विमानाने एक-दोन दिवसांत अशा समाजात येऊन पडे, ज्याला त्याच्याशी काय बोलावे हेच कळत नव्हते. तो दुरावा हॉल्डमन यांनी गणिताने मोजता येईल असा केला. बहुतेक विज्ञानकथांत वेगाचे नियम कथेच्या सोयीसाठी वाकवले जातात. इथे नियमच कथा पुढे रेटतात. इथे शौर्याची वर्णने फारशी नाहीत. माणसे शत्रूपेक्षा अपघाताने आणि आपल्याच यंत्रणेमुळे अधिक मरतात.

प्रश्न : या कादंबरीच्या दोन आवृत्त्यांत मधला भाग वेगळा आहे, असे ऐकले. खरी कोणती मानावी?

उत्तर : ही कथा आधी ‘ॲनालॉग’ या विज्ञानकथांच्या मासिकात भागाभागाने छापली गेली. संपादक बेन बोवा यांना नायक-नायिका पृथ्वीवर परततात तो मधला भाग फार निराशाजनक वाटला, म्हणून हॉल्डमन यांनी तो सौम्य करून दिला आणि पहिल्या पुस्तकातही तोच राहिला. मूळ भाग स्वतंत्र कथा म्हणून दुसऱ्या मासिकात आला आणि कादंबरीत तो नव्वदच्या दशकातील आवृत्त्यांत परतला. शक्य असल्यास हीच नंतरची आवृत्ती वाचावी. परत आलेले सैनिक पुन्हा सैन्यात का जातात, हे तिच्यात अधिक पटते.

पुस्तकाला प्रकाशक मिळणेही सोपे नव्हते. अठरा प्रकाशकांनी ते नाकारले. व्हिएतनामवरची विज्ञान कादंबरी कोणाला वाचायची आहे, असा त्यांचा सूर होता. अखेर सेंट मार्टिन्स प्रेसने ते छापले, आणि त्याला नेब्युला व ह्यूगो हे विज्ञानकथेतील दोन्ही मानाचे पुरस्कार मिळाले.

प्रश्न : ही कादंबरी विज्ञानकथालेखक हाइनलाइन यांच्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’ या कादंबरीला दिलेले उत्तर आहे का?

उत्तर : चिलखतधारी पायदळ, परग्रहावरचा शत्रू आणि प्रशिक्षणाची दीर्घ प्रकरणे दोन्हींत आहेत, त्यामुळे तुलना टळत नाही. रॉबर्ट हाइनलाइन १९२९ मध्ये अमेरिकेच्या नौदल अकादमीतून उत्तीर्ण झाले आणि क्षयामुळे १९३४ मध्ये त्यांना नौदल सोडावे लागले. प्रत्यक्ष लढाई त्यांच्या वाट्याला आली नाही. त्यांच्या १९५९ च्या कादंबरीत सैनिकी सेवा ही नागरिकत्वाची कसोटी आहे. हॉल्डमन यांच्याकडे भरती सक्तीची आहे, आणि युद्ध मुळात गैरसमजातून सुरू झाले होते हे शेवटी उघड होते. तरीही त्यांची कादंबरी केवळ खंडन म्हणून वाचणे अन्यायाचे ठरेल, कारण तिचा वाद दुसऱ्या पुस्तकापेक्षा लेखकाने स्वतः पाहिलेल्या युद्धाशी आहे.

प्रश्न : पुढे त्यांनी काय लिहिले? कोणत्या क्रमाने वाचावे?

उत्तर : १९७५ मध्ये त्यांनी आयोवा विद्यापीठाच्या लेखन कार्यशाळेतून पदव्युत्तर पदवी घेतली आणि १९८३ पासून तीन दशके एमआयटी या अमेरिकेतील तंत्रज्ञान संस्थेत लेखन शिकवले. २०१० मध्ये अमेरिकी विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेने त्यांना ‘ग्रँड मास्टर’ हा सन्मान दिला. १९९७ ची ‘फॉरेव्हर पीस’ नावामुळे पुढचा भाग वाटते, पण ती स्वतंत्र आहे. दूरवरच्या युद्धयंत्रांना मेंदूने जोडलेले सैनिक तिच्यात आहेत, आणि एकमेकांच्या मनांशी दीर्घकाळ जोडले गेलेल्या माणसांना हत्या करणेच अशक्य होते, ही तिची कल्पना आज अधिकच विचार करायला लावते. तिलाही ह्यूगो आणि नेब्युला मिळाले. खरा पुढचा भाग म्हणजे १९९९ ची ‘फॉरेव्हर फ्री’. तिचा शेवट मला ओढूनताणून आणलेला वाटला, त्यामुळे ती मागे ठेवली तरी चालेल. १९९५ च्या ‘१९६८’ या कादंबरीत ते विज्ञानकथेचा आधार न घेता पुन्हा व्हिएतनामकडे वळले. ‘द फॉरेव्हर वॉर’नंतर लगेच ती वाचावी, असे सुचवेन.