एसएसआयएस जॉब फेल झाला तरी मेल का येत नाही?

टेस्ट मेल व्यवस्थित येतो पण रात्रीचा एसएसआयएस जॉब (डेटा इकडून तिकडे भरणारं एसक्यूएल सर्व्हरचं ठरलेलं काम) पडला की काहीच येत नाही, असं म्हणताय ना, मग डेटाबेस मेल, म्हणजे सर्व्हरची मेल पाठवायची सोय, ठीक आहे, घोळ एसक्यूएल सर्व्हर एजंटमध्ये, म्हणजे जॉब वेळेवर चालवणाऱ्या सर्व्हिसमध्ये आहे. मॅनेजमेंट स्टुडिओत (एसएसएमएस) एजंटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अलर्ट सिस्टिम, तिथे ‘एनेबल मेल प्रोफाइल’ची टिक लावून डेटाबेस मेलचं आपलं प्रोफाइल निवडा आणि मग एजंट सर्व्हिस रीस्टार्ट करा, हे रीस्टार्टच सगळे विसरतात, मी पण दोन दिवस डोकं खाजवत बसलो होतो. फक्त त्या वेळी कुठला जॉब चालू नाहीये ना ते बघा, नाहीतर तो मधेच मरेल.

मग एक ऑपरेटर (म्हणजे मेल कोणाला जायचा त्याची नोंद) बनवा आणि जॉबच्या नोटिफिकेशन्स पानावर ईमेल टिक करून ‘व्हेन द जॉब फेल्स’ ठेवा. तिथे ऑपरेटर एकच निवडता येतो म्हणून त्यात टीमचा ग्रुप ईमेल आयडी टाका, नाहीतर तुम्ही सुट्टीवर गेलात की कोणाला पत्ताच नाही. ‘व्हेन द जॉब कम्प्लीट्स’ नको बाबा, रोज मेल यायला लागले की चार दिवसांत कोणी उघडून बघत नाही.

मेलमध्ये जॉब फेल झाला, शेवटची स्टेप कुठली, एवढंच कळतं, खरी एरर एसएसआयएस कॅटलॉगच्या (पॅकेजेस आणि त्यांच्या रनची नोंद ठेवणारा डेटाबेस) ‘ऑल एक्झिक्युशन्स’ रिपोर्टमध्ये. आणि हो, एजंटच बंद पडला तर जॉबही नाही आणि मेलही नाही, त्यामुळे सकाळी, जॉब ज्या टेबलात डेटा भरतो त्यात आजची तारीख आलीय का ते बघणारी छोटी क्वेरी दुसऱ्या सर्व्हरवरून चालवा.