कोचचं शेवटचं वर्ष

प्रश्न : माझा मुलगा मेलबर्नला असतो. तिथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या कॉलिंगवूड क्लबचा तो भक्त. तो म्हणतो, कोच जाणार हे आधीच ठरलं होतं, म्हणूनच 2011 ची फायनल गेली. आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाच्या कोचनीही यंदाचं वर्ष शेवटचं, असं कमिटीला सांगितलंय. पोरांच्या खेळावर परिणाम होईल का?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या मुलाचं म्हणणं मला पटत नाही. कोच मिक माल्टहाउस आणखी दोन हंगाम संघ सांभाळणार आणि मग माजी कर्णधार नेथन बकली येणार, हे जुलै 2009 मध्येच ठरलं होतं. तरी 2010 मध्ये माल्टहाउसनी 20 वर्षांनी क्लबला विजेतेपद मिळवून दिलं. सेंट किल्डाबरोबरची फायनल 68-68 अशी बरोबरीत सुटली. ती पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळवली, तेव्हा कॉलिंगवूड 56 गुणांनी जिंकलं. (तिथं एका गोलला 6 गुण, म्हणून आकडे मोठे.)

आता 2011. साखळीतले 22 पैकी 20 सामने जिंकले. हरले ते दोन्ही जिलाँगकडून, एकदा 3 आणि एकदा 96 गुणांनी! फायनलला समोर पुन्हा जिलाँगच, आणि 38 गुणांनी हार. वर्षभरात एकाच संघाला हा क्लब हरला. याला निरोपाचं कारण कसं लावायचं? जिलाँग भारीच होतं, आणि त्यांचा कोच ख्रिस स्कॉट तर पहिल्याच वर्षाचा.

मन हलतं, हे मात्र खरं. उपांत्य फेरीत हॉथॉर्नवर 3 गुणांनी निसटता विजय मिळाला, तेव्हा माल्टहाउसना रडू आवरलं नव्हतं.

क्लबचं चुकलं ते दुसरीकडे. कोचपद सोडल्यावर माल्टहाउसनी बकलीच्या वरच्या एका सल्लागारासारख्या पदावर राहावं, असं ठरवलं होतं. त्यांनी ते नाकारलं, आणि 2013 मध्ये ते कार्लटनचे कोच झाले. कार्लटन म्हणजे कॉलिंगवूडचा जुना वैरी. पेठेतल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. कोचची बदली नीटही होऊ शकते. त्याच स्पर्धेतल्या सिडनी क्लबचे कोच पॉल रूस 2010 ला थांबले, त्यांचेच सहायक जॉन लाँगमायर आले आणि 2012 मध्ये विजेते झाले.

शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून मीही हेच बघत आलोय. कोच गेल्यानं संघ मोडत नाही. टचलाइनवरून दोन माणसं एकाच वेळी ओरडायला लागली की पोरांचे पाय अडखळतात. म्हणून नवा माणूस आत्तापासून सरावाला येऊ दे, पण शेवटच्या मॅचपर्यंत अकरा खेळाडू जुन्या कोचनीच निवडावेत. पुढच्या वर्षी त्यांना मानानं पहिल्या रांगेत बसवा, अर्धवट पद देऊ नका. आणि ही बातमी पोरांना तालमीत बसवून त्यांनी स्वतः सांगावी, याच आठवड्यात. मिरजकर तिकटीच्या चहाच्या गाडीवरून ती त्यांच्या कानावर जायच्या आत.