"ताई, मी लोकांचं दुःख विकते का?"

एनजीओत फंडरेजिंगला किंवा कम्युनिकेशनला असणारी पोरं-पोरी समुपदेशनाला आली की फिरून फिरून हाच प्रश्न निघतो. शब्द वेगळे असतात पण म्हणणं हेच की फील्डवरचे लोक खरं काम करतात आणि आपण ऑफिसात फॅनखाली बसून गरिबी दाखवून पैसे मागतो. त्यातल्या एकीबद्दल लिहितेय, तिला विचारूनच, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ती बीडकडची, नोकरी संभाजीनगरला. आई-वडील ऊसतोडीला जायचे, दिवाळीच्या आसपास टोळी निघाली की ही गावात आजीजवळ. आता ती ज्या संस्थेत आहे ती अशाच पोरांसाठी हंगामी वसतिगृह चालवते, म्हणजे आई-बाप कारखान्यावर गेले तरी पोरगं गावातच राहून शाळेत जाईल, आणि हिचं काम त्यासाठी देणग्या आणायचं. माझ्याकडं आली ती झोप लागत नाही म्हणून. त्यात आईनं फोनवर विचारलेलं, "एवढं शिकून लोकायला पैसे मागायलीस का गं?" आणि मामाची त्याच्यावर कडी, दानाच्या पैशातून पगार घेतेस म्हणे.

नोकरी सोडू का, असं थेटच विचारलं तिनं. मी म्हटलं ते नंतर बघू, आधी तुझा एक साधा दिवस तासातासानं लिहून आण, आणि जिथं पोटात कालवलं तिथं फुली मार, कारण लिहू नको.

वही घेऊन आली. सकाळी आल्या आल्या काल किती जमा झाले, कुणाचं ऑनलाइन पेमेंट फेल गेलं ते बघायचं. मग 80जीच्या पावत्या (देणगीवर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते त्या), त्यात बऱ्याच जणांनी पॅन नंबर दिलेलाच नसतो म्हणून त्यांना फोन. एक रिटायर्ड गुरुजी दर महिन्याला 500 रुपये देतात आणि दर महिन्याला हिशोबही विचारतात. कुणी कॅश देतो म्हणतं, त्याला सांगायचं की 2000 च्या वर कॅश दिली तर सूट मिळत नाही, कुणी म्हणतं मी आता नवीन टॅक्स रेजिममध्ये आहे, मला 80जीचा काय उपयोग, मग त्याच्याशी बोलत बसायचं (यातले काही जण तरीही देतात, हे तिनं स्वतःहून लिहिलं होतं). दुपारी फील्डवरून फोटो येतात ते निवडायचे, मजकूर लिहायचा, पोस्ट टाकायची, व्हॉट्सअ‍ॅपला पाठवायचं. नंतर वाळूजच्या एका कंपनीसाठी सीएसआरचं, म्हणजे कंपन्या समाजकामाला पैसे देतात त्याचं प्रेझेंटेशन, तिथं सगळं आकड्यातच पाहिजे, लाभार्थी किती, एका पोरामागं खर्च किती. संध्याकाळी रील किती चाललं ते. आणि रात्री अकराला ग्रुपवर परत फोटो.

फोनच्या तासांसमोर एकसुद्धा फुली नव्हती. म्हणजे पैसे मागायची लाज तिला नव्हतीच, ती आईची लाज होती आणि हिनं उसनी घेतली होती. फुल्या होत्या फोटो निवडायच्या तासाला आणि रात्री अकराला.

विचारल्यावर सांगितलं, एका फोटोत पोरगी खिचडी खाताना हसतेय, दुसऱ्यात तीच दारात बसून रडतेय, सर म्हणतात रडणारा टाक, हसणाऱ्याला कोण पैसे देतंय. "ताई, दारात बसलेली ती मीच आहे की."

इथं दोन गोष्टी एकात एक अडकल्या होत्या. एक जुनी, आजीच्या दारातली, तिच्यावर आम्ही पुढं बरेच दिवस बोललो, ते तिचं आहे, इथं लिहीत नाही. दुसरी मात्र मनाची नाहीच, कामाच्या पद्धतीची आहे. मला राग येतो तो इथं, की माणसाला कामातलं काही खरोखरच चुकीचं वाटत असतं आणि आपण त्याला दीर्घ श्वास घ्यायला सांगतो. तिला पटत नव्हतं ते बरोबरच होतं की.

मग तिनं एक साधा नियम लिहून काढला, जो फोटो त्या पोरीच्या आईला मोबाईलवर दाखवून चालेल का विचारता येईल, तोच टाकायचा. सरांसमोर कसं मांडायचं ते आम्ही इथं बोलून बघितलं, कारण तिथं गेल्यावर आवाज जातो तिचा. सर लगेच खूष वगैरे झाले नाहीत, टार्गेट खाली आलं तर परत बघू म्हणाले. पण फील्डवरची कार्यकर्ती आयांना फोटो दाखवायला लागली. एकीनं सरळ नाही म्हटलं. दुसरी म्हणाली टाका, पण शाळेच्या ड्रेसातला टाका.

रात्रीचं सोपं होतं, ग्रुप म्यूट, फोटो बघायचे ते ऑफिसात. झोप बऱ्यापैकी आली. नसती आली तर मी डॉक्टरकडं पाठवणार होते, आणि ज्यांना जवळपास कुणी नाही त्यांच्यासाठी टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

राहिला मामा. पगाराचं म्हणाल तर परदेशी देणग्यांच्या कायद्यातसुद्धा प्रशासकीय खर्चाला जागा ठेवलेली आहे, 2020 च्या दुरुस्तीनं ती 50 टक्क्यांवरून 20 वर आणली पण शून्य नाही केली, कारण पावती फाडायला आणि गुरुजींना हिशोब द्यायलाही माणूस लागतोच. हे तिनं मामाला सांगितलं. मामा म्हणाला बरं, आणि पुढच्या वेळी परत तेच बोलला. त्याचं काही करायची गरज नाही असं आमचं दोघींचं ठरलंय.

नोकरी सोडलेली नाही. तुम्हीही अशा कामात असाल तर हे दिवस लिहायचं करून बघा, फक्त मार्चएंडचा दिवस घेऊ नका, त्या दिवशी पावत्यांच्या गर्दीत सगळ्यांच्याच पोटात कालवतं.