उसाची गुणसूत्रं ८० की ११२? आणि संख्या बदलली की प्रजाती बदलते का?

तुमचा प्रश्न असा, की एका पुस्तकात उसाची गुणसूत्रसंख्या ८० दिलीय आणि दुसऱ्यात ११२, तर खरी कुठली? शिवाय संख्या वेगळी म्हणजे प्रजाती वेगळी, असं वर्गीकरणात धरतात का?

दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते दोन वेगळ्या उसांचे आहेत. ८० हा सॅकरम ऑफिसिनॅरमचा, म्हणजे जाड कांड्याच्या गोड, रसाळ उसाचा. पण आमच्या कोल्हापुरात शिरोळपासून कागलपर्यंत कारखान्याला जो ऊस जातो, तो या शुद्ध प्रजातीचा नाही. को ८६०३२ घ्या नाहीतर को ७४०, सगळे संकरित वाण. त्यांची संख्या साधारण १०० ते १३० च्या मध्ये कुठंतरी असते आणि वाणागणिक बदलते.

११२ चा किस्सा मजेशीर आहे. कोईमतूरच्या ऊस पैदास केंद्रात बार्बर आणि वेंकटरामन या शास्त्रज्ञांनी गोड ऊस आणि रानटी सॅकरम स्पॉन्टेनियम यांचा संकर केला. स्पॉन्टेनियम म्हणजे पांढरे तुरे काढणारं चिवट गवत. त्याची संख्या जागेप्रमाणे ४० पासून १२८ पर्यंत बदलते, कोईमतूरकडच्या गवतात ती ६४ होती. आता हिशोब करा. आईकडून निम्मी म्हणजे ४०, बापाकडून ३२, एकूण ७२ व्हायला हवीत. झाली ११२! आईनं निम्मी न देता सगळीच्या सगळी ८० दिली होती. हाच तो को २०५, १९१८ मध्ये लागवडीला आलेला. गोड ऊस मादी आणि स्पॉन्टेनियम नर असला, की हा प्रकार बहुधा घडतो. पैदाशीच्या दृष्टीनं हे वरदानच ठरलं, कारण गोडव्याचा वाटा पातळ झाला नाही आणि रानटी बापाचा काटकपणाही मिळाला.

असल्या वेड्यावाकड्या संख्येचं झाड टिकतं कसं, हा पुढचा प्रश्न. अर्धसूत्री विभाजनात, म्हणजे परागकण आणि बीजांड बनताना गुणसूत्रसंख्या निम्मी होते तेव्हा, गुणसूत्रांच्या नीट जोड्या लागल्या नाहीत, की बी बिघडतं. पण आपण उसाची लागण कांडीनं करतो, बी कुणाला हवंय? केळ्याचंही तसंच: ३३ गुणसूत्रं, त्रिगुणित (म्हणजे दोनाऐवजी तीन संच), फळात बी नाही, आणि मुनव्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चाललंय.

आता वर्गीकरण. नुसत्या संख्येवर प्रजाती ठरवायला गेलात, तर दोन्ही बाजूंनी फसाल. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात कंदीलपुष्पाच्या, म्हणजे सेरोपेजियाच्या, अनेक प्रजाती जपल्या आहेत. फुलं एकापेक्षा एक निराळी, पण बहुतेकांची संख्या तीच, २२. उलट रानकांद्यात २०, ३० आणि ४० गुणसूत्रांची झाडं आढळतात आणि नाव एकच, ड्रिमिया इंडिका. बाहेरून बघून फरक सांगणं अवघड. मुळाचं टोक ठेचून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरावं लागतं. (कांद्याची १६ कुणीही मोजेल. उसाची मोजायला बसलात, तर डोळ्यांचं पाणी पुसत उठाल, इतकी ती बारीक आणि गर्दी करून असतात.)

मग संख्येचा उपयोग काय? माझ्या मते ती न्यायाधीश नव्हे, साक्षीदार आहे. झाड कुठून आलं, हे ती सांगते. फोडणीतली मोहरी बहुधा ब्रासिका जन्सिया असते, ३६ गुणसूत्रांची. काळ्या मोहरीची १६ आणि सलगमच्या प्रजातीची २०, बेरीज ३६. दोन प्रजातींचा संकर होऊन संख्या दुप्पट झाली आणि तिसरी प्रजाती उभी राहिली. हे नाते वनस्पतिशास्त्रज्ञ नागाहारू ऊ यांनी १९३५ मध्ये मांडलं. इथं मात्र संख्येला वर्गीकरणात खरं वजन आहे, कारण ती आडभिंत बनते. समजा, चतुर्गुणित (चार संचांच्या) झाडाचं परागण द्विगुणित (दोन संचांच्या) पूर्वज प्रजातीशी झालं. होणारी संतती त्रिगुणित, आणि त्रिगुणित सहसा वांझ. एका पिढीत वंश वेगळा पडतो, त्यासाठी मध्ये डोंगर किंवा समुद्र लागत नाही.

गव्हाचंही असंच आहे. खिरीसाठी आपण आणतो त्या खपलीची २८, चपातीच्या गव्हाची ४२. खपलीच्या वंशात १४ गुणसूत्रांचं एक रानगवत मिसळलं आणि चपातीचा गहू तयार झाला. पण खपली आणि बन्सी (रव्याचा कडक गहू) दोघांची २८ च आहेत. खपलीचा दाणा टरफलाला चिकटून राहतो, बन्सीचा मळताना सुटतो, तरी आज अनेक तज्ज्ञ दोघांना एकाच प्रजातीच्या उपप्रजाती मानतात. काही जुनी पुस्तकं त्यांना वेगळ्या प्रजाती म्हणतात. दोन्ही मतं तुम्हाला वाचायला मिळतील, गोंधळू नका.

हा दुपटीचा खेळ माणूस मुद्दामही करतो, कोल्चिसिन हे वनस्पतींतलं विष वापरून. पावसाळ्यात पन्हाळ्याच्या वाटेवर कुंपणातून लाल-पिवळी कळलावी दिसते ना, तिच्यातही हे विष असतं. पेशी विभागताना गुणसूत्रं दोन टोकांना ओढणारे धागे ते बनूच देत नाही, म्हणून सगळी एकाच पेशीत राहतात. २२ च्या कलिंगडाची अशी ४४ करायची, त्याचा पुन्हा २२ वाल्याशी संकर करायचा, की ३३ चं बिनबियांचं कलिंगड मिळतं.

परीक्षेसाठी विचारत असाल, तर नुसतं ‘ऊस’ लिहून आकडा देऊ नका. सॅकरम ऑफिसिनॅरम ८०, को २०५ ची ११२ आणि आजचे लागवडीचे संकरित वाण १०० ते १३०, असं लिहा.